डस्टी मिलरचा हात

यंत्र चालू केलं की लगेच काही ऐकू येत नाही. आधी आतल्या काचेच्या नळ्या तापाव्या लागतात. मग पत्र्याच्या पेटीतून तापलेल्या धुळीचा आणि जुन्या वार्निशचा वास येतो, आणि त्यानंतर कुठे कानात खरखर सुरू होते. तेव्हासुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. थंड यंत्र सरकत राहतं. तुम्ही एखादं केंद्र पकडता, ते हळूच बाजूला जातं, आणि चाकावर बोट ठेवून त्याच्या मागे जावं लागतं. आमच्या काळी ब्रिटिश नौदलाच्या बहुतेक जहाजांवर वायरलेसच्या खोलीत हा राखाडी रिसीव्हर असायचा. बी-चाळीस. एकट्याने उचलायला गेलात तर कंबर धरते.

गॉस्पोर्टच्या जुन्या किल्ल्यात आम्हा निवृत्त वायरलेसवाल्यांना दोन खोल्या दिल्या आहेत. तिथे आम्ही असली यंत्रं दुरुस्त करून ठेवतो. उन्हाळ्यात रविवारी खोल्या लोकांना खुल्या असतात. लोक येतात, चाकं फिरवून बघतात, केवढं जड म्हणतात. थोडी गर्दी झाली की चॉकी टेबलावर पेन्सिल आपटून म्हणतो, "मंडळी, आता विल्फ त्याची गोष्ट सांगेल." गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय.

चॉकीचं खरं नाव डेस्मंड व्हाइट. नौदलात व्हाइट आडनावाचा प्रत्येक माणूस चॉकी, खडूसारखा पांढरा म्हणून. क्लार्क असला की नॉबी. मिलर असला की डस्टी, कारण गिरणीवाल्याच्या अंगावर पीठ उडालेलं असतं. आईबापांनी ठेवलेलं नाव धक्क्यावरच राहतं, बोटीवर कुणी ते विचारत नाही.

माझी बायको बेरिल लग्नाआधी मिलर होती, म्हणून ती डस्टी. लग्नानंतर ती ट्रँटर झाली, पण मी डस्टीच म्हणत राहिलो. दुकानात हाक मारली की लोक वळून बघायचे. ती यंदा फेब्रुवारीत गेली. आमच्या गोष्टीखेरीज तिचं माझ्यापाशी फारसं काही उरलेलं नाही. कपडे मुलीने नेऊन दिले. फोटो तिचे असे कमीच, कारण कॅमेरा तिच्याच हातात असायचा.

गोष्ट साधी आहे. एकोणीसशे अठ्ठावन्न साली मी भूमध्य समुद्रात एका फ्रिगेटवर होतो. संध्याकाळच्या पाळीत माल्टाच्या किनाऱ्यावरच्या केंद्राशी मोर्सवर देवाणघेवाण व्हायची. गप्पा मारायला सक्त बंदी, वरचे अधिकारी ऐकत बसलेलेच. जायचं-यायचं ते सगळं सांकेतिक, पाच-पाच अक्षरांचे गट, ज्यांचा आम्हाला काडीचा अर्थ कळायचा नाही. पण मोर्सच्या किल्लीवर प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. आवाजावरून माणूस ओळखावा तसा हातावरून ओळखता येतो. त्या केंद्रावर एक हात होता. नेटका, घाई नसलेला. फक्त एल हे अक्षर आलं की बिघडायचा. ठिपका, रेघ आणि शेवटी दोन ठिपके, असा एल असतो. तो हात शेवटचे दोन ठिपके इतके जवळ आणायचा की जवळजवळ एकच वाटावा. पायरी उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरतात तसं. मला त्या एलची सवय लागली. मग वाट बघायची सवय लागली. पुढे पुढे गटात एल नसला तर मला चुकल्यासारखं व्हायचं. आता यावर हसायचं तर हसा, चॉकी दर रविवारी हसतो.

बोट व्हॅलेट्टाला लागली तेव्हा केंद्रावरचा नॉबी क्लार्क भेटला. मी विचारलं, "संध्याकाळी तुमच्याकडे कोण बसतं रे? एल खाणारं?" तो म्हणाला, "डस्टी असेल. डस्टी मिलर. का, तक्रार करायचीय?" मी म्हटलं, "नाही, लग्न करायचंय." तो थट्टेने बोलला, मीही थट्टेनेच बोललो. शनिवारी मी केंद्रावर काम करणाऱ्या नौदलातल्या मुलींच्या कँटीनवर गेलो. दारातल्या मुलीला विचारलं, डस्टी मिलर कोण? तिने बोट दाखवलं. कोपऱ्यात एक बुटकी मुलगी उभ्या उभ्या चीजची गरम पेस्ट्री खात होती आणि तोंड भाजलं म्हणून हाताने वारा घालत होती. मी तिच्यासमोर जाऊन म्हणालो, "संध्याकाळच्या पाळीतली डस्टी तूच ना? तुझा एल मी समुद्रात ऐकतो." तिने घास गिळला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो."

एवढीच गोष्ट. लोकांना आवडते. एखादी बाई डोळे पुसते.

मी गोष्ट सांगायचो तेव्हा बेरिल तिथेच असायची, खुर्चीत विणत. गोष्ट कँटीनपर्यंत आली की ती सुया खाली ठेवायची आणि म्हणायची, "चहाचं बघते." दरवेळी तिथेच उठायची. मला वाटायचं लाजते. एकदा घरी जाताना फेरीबोटीवर म्हणाली होती, "दर रविवारी काय तेच ते रे? त्यानंतर मी तुझ्यासाठी स्वयंपाक पण केलाय की इतकी वर्षं. ते नाही सांगत कधी." मी हसलो होतो. आता मी ते वाक्य सारखं उलटसुलट करून बघतो.

ती गेल्यावर किल्ल्यात जायचं मी बंद केलं होतं. चॉकीने जूनमध्ये ओढून नेलं. म्हणाला, "घरी बसून भिंतीला गोष्ट सांगणार आहेस का? भिंत टाळ्या वाजवत नाही."

त्या रविवारी सकाळी फारसं कुणी नव्हतं. मी बी-चाळीस तापत ठेवला होता. चॉकी सरावाची किल्ली भोंग्याला जोडत होता, म्हणजे पाहुण्यांना स्वतःचं नाव वाजवून बघता येतं. तेवढ्यात एक उंच म्हातारी आत आली. अंगात वाऱ्याचं जाकीट, कॉलरला कॅनडाच्या झेंड्याचा बिल्ला. तिने खोलीभर नजर फिरवली, कुणीतरी शोधत असल्यासारखी, आणि सरळ किल्लीसमोरच्या खुर्चीत बसली.

"बाई, हळू हं," चॉकी म्हणाला. "ते खेळणं नाहीये."

"मी पण खेळायला आले नाहीये," ती म्हणाली.

तिने नखाने किल्लीचा स्क्रू अर्धा वळसा सैल केला, दोनदा दाबून अंतर पाहिलं, परत किंचित आवळलं. दुसऱ्याची सायकल घेतली की बसायच्या आधी सीट वरखाली करतात तसं. चॉकीने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. शिकलेला माणूस लगेच कळतो.

मग तिने वाजवायला सुरुवात केली. मी पेन्सिल उचलली. ते आपोआप होतं, कान आणि हात आपसात उरकतात, डोक्याला विचारत नाहीत. एच. ई. एल.

शेवटचे दोन ठिपके एकमेकांना चिकटले.

पुन्हा एल. पुन्हा तेच. माझा हात लिहीत राहिला. भोंगा थांबल्यावर मी कागदाकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, हॅलो बेरिल.

म्हातारी खुर्चीतच वळून शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. "ऐकलं नाही वाटतं," ती हसून म्हणाली. "चहा करत असेल ना? कार्डात लिहिलं होतं तिने, रविवारी इथे सापडेल म्हणून. मी थेल्मा. थेल्मा लँगफर्ड."

हे नाव मला माहीत होतं. दर ख्रिसमसला नोव्हा स्कोशियाहून कार्ड यायचं, बेरिल ते खिडकीत लावायची. माल्टाची मैत्रीण, कॅनडाच्या माणसाशी लग्न करून गेलेली, एवढंच ठाऊक होतं. बेरिल गेल्याचं तिला कळवायचं राहिलं होतं. कुणाकुणाला राहिलंय, कोण जाणे.

चॉकीने पुढे होऊन भोंगा बंद केला. सांगायचं मलाच होतं. मी म्हणालो, "बेरिल फेब्रुवारीत गेली. मी तिचा नवरा, विल्फ."

तिने किल्लीवरचा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मी न कळवता आले. तिला चकित करावं म्हणून."

चॉकीने चहा आणून दिला, भरपूर साखर घालून, तिने मागितली नव्हती तरी. खरं तर मी तिची विचारपूस करायला हवी होती. एवढ्या लांबून आलेली, वय झालेली बाई. पण माझ्या कानात तो एल होता, आणि मी तेच विचारलं.

"लग्नाआधी तुमचं आडनाव काय होतं?"

"मिलर," ती म्हणाली. "बेरिलने सांगितलं नाही कधी? आम्ही दोघी डस्टी. नातं काही नाही बरं का, नुसतं आडनाव एक. मी उंच म्हणून मोठी डस्टी, ती धाकटी. पण तेवढं कोण म्हणतंय? सगळे नुसतं डस्टीच म्हणायचे. दोघींची पत्रं एकमेकींना, दोघींच्या शिक्षासुद्धा एकमेकींना."

"अरे देवा," चॉकी म्हणाला. गोष्ट त्याला तोंडपाठ आहे. तो समजला.

मी उठून बाहेर गेलो. किल्ल्याच्या तटावर वारा होता, खाली पाणी खवळलेलं, आयल ऑफ वाइटची बोट निघाली होती. मला एकच वाक्य सुचत होतं, आणि ते धड वाक्यही नव्हतं. मी कुणाचा हात ऐकत होतो? घरी बेरिल किल्लीला कधी हात लावायची नाही. शेडमध्ये माझी होती एक. "आठ-आठ तास तेच केलंय, आता पगार देणार असशील तर वाजवते," म्हणायची. जेवणाच्या टेबलावर कधी चमच्याने टकटक करून मीठ मागायची, थट्टेने. पण चमच्याने रेघ निघत नाही. नुसती टकटक आणि मधली जागा, त्यावरून हात कळत नाही. म्हणजे लग्नानंतर मी तिचा हात एकदाही ऐकलेला नाही. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. तिच्याशेजारी झोपणाऱ्या माणसाला ते ऐकायची गरज काय वाटणार?

आणि ती दरवेळी कँटीनच्याच जागी का उठायची?

थेल्मा बाहेर आली. वाऱ्यासाठी जाकिटाची टोपी ओढून घेतली. "तुझ्या मित्राने सांगितलं मला सगळं," ती म्हणाली. "म्हणून तुझा चेहरा तसा झाला. मला वाटलं, ती गेल्याचं सांगावं लागलं म्हणून."

"संध्याकाळच्या पाळीत तू होतीस का?" मी विचारलं. "अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात. खरं सांग."

"मला आठवत नाही, विल्फ."

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही आठवत. पाळ्या सारख्या बदलायच्या. तिचं पोट दुखलं की मी बसायचे, मला पोहायला जायचं असलं की ती बसायची. कुणाला सांगायचो नाही. तिथे फक्त डस्टी मिलर बसलेली असली की झालं." तिने नाक पुसलं. "तुमच्या बोटीचं नाव पण मला आठवत नाही. वाईट नको वाटून घेऊस. आमच्यासाठी तुम्ही सगळे सारखेच होता, घाईत आणि चुका करणारे."

"पण एल तुझा आहे. मी आत्ता ऐकला."

"तो माझा नाही. म्हणजे, आता आहे माझा." ती थोडी हसली. "शिकताना आम्हाला शेजारी बसवलं होतं, आडनावांमुळे. दिवसभर ती मला पाठवायची, मी तिला. तिचा एल असाच होता की माझा, देव जाणे. आमचा शिकवणारा ओरडायचा, दोन मिलर आणि एक हात, तुमच्यातली एक घरी गेली तरी सरकारचं काही अडणार नाही."

मी म्हटलं, "थोडक्यात, काहीच कळायचं नाही."

"तसंच दिसतंय."

मला तिचा राग आला होता, आणि राग कशाचा ते सापडत नव्हतं. तिने माझं काही घेतलेलं नव्हतं. उलट तिच्याकडे काहीतरी होतं आणि ते देता येत नाही म्हणून ती कावरीबावरी झाली होती. मग म्हणाली, "एक आठवतंय. सांगू का? तुला आवडेल की नाही माहीत नाही."

"सांग."

"त्या शनिवारी ती कँटीनवरून आली. मी खाटेवर पायाची नखं रंगवत होते, बंदी होती म्हणून मोज्यात झाकायची. ती येऊन माझ्या पायाशी बसली, ओल्या रंगावर, आणि म्हणाली, 'थेल, एक जण आलाय. आपला एल ऐकून आलाय. त्याला वाटतंय ती मीच.' मी विचारलं, 'मग आहेस का तू?' त्यावर ती म्हणाली, 'आता आहे.'"

"आता आहे?"

"असंच म्हणाली. मी तिला उशी फेकून मारली. रंग खराब झाला होता ना."

मी ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. आता आहे. याचा अर्थ आधी नव्हती असाही होतो. किंवा आधी असेलही, तिलाच माहीत नव्हतं, असाही होतो. दिवसभर ज्या बोटी ऐकल्या त्यातली माझी कुठली, हे तिला कसं कळणार होतं? मी तिच्यासमोर उभा राहून विचारलं आणि तिने घास गिळेपर्यंत विचार केला, एवढं नक्की. तो घास गिळायला तिला जरा वेळ लागला होता. पेस्ट्री गरम होती म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

चॉकी दारातून हाका मारत होता. सहलीची बस आली होती. आतल्या खोलीत पंचवीस-तीस माणसं दाटीने उभी होती, चहाचे कप सांभाळत. बी-चाळीस एव्हाना पुरता तापून स्थिर झाला होता आणि कुठलं तरी परदेशी केंद्र स्वच्छ लागलं होतं.

"नको सांगूस आज," चॉकी माझ्या कानात म्हणाला. "मी त्यांना बॅटरीची माहिती देतो."

"बॅटरीची माहिती ऐकून बस परत जाईल," मी म्हटलं.

त्याने पेन्सिल आपटली. "मंडळी, आता विल्फ त्याची गोष्ट सांगेल."

मी नेहमीसारखा यंत्रावर हात ठेवला. गरम पत्रा. नेहमीचं पहिलं वाक्य असतं, 'बायकोला पाहण्याआधी मी तिला या यंत्रावर ऐकलं.' ते तोंडात आलं आणि पुढे जाईना. लोक वाट बघत होते. एकाने कप खाली ठेवला.

"माझी बायको बुटकी होती," मी म्हणालो. हे कुठून आलं मला माहीत नाही. "तिचं नाव बेरिल. व्हॅलेट्टाच्या कँटीनमध्ये तिचं तोंड भाजलं होतं. मी तिला विचारलं, डस्टी तूच का? ती हो म्हणाली. लगेच नाही म्हणाली, जरा थांबून म्हणाली. मग आमचं लग्न झालं. तिला समुद्र आवडायचा नाही. ती मटणाचा पाय फार चांगला भाजायची, पण ग्रेव्हीत दरवेळी गुठळ्या व्हायच्या आणि ती म्हणायची, तशाच असतात." मी थांबलो. आणखी काय सांगायचं ते समजेना, आणि सांगायला तर खूप होतं.

लोकांत चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतल्या पावसाळी टोपीवाल्या बाईने हात वर केला. "माफ करा हं," ती म्हणाली, "पण मग या रेडिओचं काय?"

"हा चालतो," मी म्हणालो.

"तसं नाही. तुम्ही तिला 'डस्टी तूच का' म्हणून विचारलंत ना? म्हणजे आधी कुणाला तरी ऐकलं असेल यावर. कोण होतं ते?"

मी चॉकीकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे बोलेन ते चूक असेल असं वाटत होतं.

"डस्टी मिलर होती," मागून थेल्मा मोठ्याने म्हणाली.

बाईचं समाधान झालं. तिने मान हलवली, बाकीच्यांनीही हलवली. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मीही मान हलवली, आणि शेजारच्या खोलीत चहाचं बघायला गेलो.